दोन्ही कागदांवर तीस मीटर

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, चालवते. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: काय चालवता, शाळा की मेस? मग सांगावं लागायचं की माणसं चालवते. पाय मोडलेल्यांना, एक बाजू लुळी पडलेल्यांना, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्यांना उभं करायचं आणि पुन्हा चालतं करायचं, हे माझं काम. मी फिजिओथेरपिस्ट. तंजावूरच्या एका खासगी इस्पितळात तीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत नर्सांनी मला सिस्टर म्हटलं, रोग्यांनी डॉक्टरम्मा म्हटलं, आणि पगारपत्रकात माझं नाव एक्स-रे खात्याच्या खाली राहिलं.

या अंकाच्या संपादकांनी पत्रातून कामातला एखादा अभिमानाचा प्रसंग मागितला होता. असे प्रसंग आहेत. मी उभी केलेली माणसं अजून मोठ्या मंदिराच्या रस्त्यावर भेटतात, थांबून चौकशी करतात. पण लिहायला बसले की दुसरीच एक गोष्ट आधी पुढे येते. ती सांगायची मला लाज वाटते आणि न सांगता दुसरं काही लिहिताही येत नाही. म्हणून तीच लिहिते.

नव्वदच्या दशकात परदेशी यंत्रं मागवणं सोपं झालं, तेव्हाची ही हकीगत. आमच्या इस्पितळाच्या मालकांनी डायलिसिसची दोन यंत्रं घेतली आणि बस स्टँडसमोर त्यांच्या फोटोचा भला मोठा फलक लावला. ज्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत त्याचं रक्त या यंत्रातून फिरवून धुतात. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. मधल्या दिवसांत अंगात पाणी साचत जातं, पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते. यंत्र रक्त धुतं, पण गेलेलं बळ ते परत आणत नाही. त्या काळी अशा रोग्याला एकच सल्ला मिळे, विश्रांती घ्या. घरची माणसं तो मनापासून पाळत. पाण्याचा तांब्याही हातात आणून देत. दोन वर्षांत चांगला हिंडताफिरता शिक्षक न्हाणीघरापर्यंत जायला आधार मागू लागे.

मग डॉ. इळंगोवन आले. किडनीचे डॉक्टर, वय जेमतेम पस्तीस, बोलणं हळू आणि मोजकं. या रोग्यांना झोपवून ठेवण्यात आपण चूक करतो आहोत, त्यांना व्यायाम दिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. आणखी दोन गावांतल्या इस्पितळांशी बोलून त्यांनी एक अभ्यास आखला. तिन्ही ठिकाणच्या रोग्यांना काही महिने व्यायाम द्यायचा, आधी आणि नंतर मोजमाप घ्यायचं, आणि फरक पडतो का ते पाहायचं. व्यायाम देणं आणि मोजणं ही दोन्ही कामं माझ्याकडे आली. परीक्षेला बसणारी आणि पेपर तपासणारी एकच बाई. हे चुकीचं आहे असं तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

व्यायामाचं काही अवघड नव्हतं. भाताच्या पोत्याच्या कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या, त्यांत वाळू भरली, त्या घोट्याला बांधून पाय उचलायला लावायचे. खुर्चीतून उठायचं, बसायचं. भिंतीला हात टेकून टाचा वर करायच्या. अवघड होतं ते मोजणं. ताप उतरला हे थर्मामीटर सांगतो. माणसाच्या अंगात बळ आलं, हे कशावर मोजायचं?

आम्ही तीन मापं घेत असू. पहिलं, सहा मिनिटांत रोगी किती अंतर चालतो. सरळ वाटेच्या दोन टोकांना खुणा करायच्या आणि त्याला ये-जा करायला लावायची. दुसरं, खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठतो. तिसरा होता प्रश्नांचा कागद, परदेशातून आलेला, आमच्याच ऑफिसात कुणीतरी तमिळमध्ये केलेला. त्यात एक प्रश्न होता, तुम्ही एक ब्लॉक चालू शकता का? तिकडे ब्लॉक म्हणजे दोन चौकांमधलं अंतर, आमच्याकडे पंचायतीचं ऑफिस. एका शेतकऱ्याने बराच विचार करून उत्तर दिलं की तिथे चालत कशाला जायचं, बस जाते. आणखी एका प्रश्नात न्हाणीच्या टबात उतरता येतं का असं विचारलं होतं. एका आजीला तो टब म्हणजे मंदिराचं तळं वाटलं, आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं म्हणून तिने नाही असं लिहायला सांगितलं.

चालण्याच्या परीक्षेतही तऱ्हा असत. पापनाशमकडचे एक गिरणीमालक होते. परीक्षा म्हटल्यावर त्यांना ती शर्यत वाटली. वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, गुडघ्यावर खोचून ते असे सुटले की तिसऱ्या मिनिटाला मला स्टूल आणावं लागलं. दम परत आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं की सगळ्यांत जास्त कोण चाललं. एक निवृत्त कंडक्टर, असं सांगितल्यावर ते पुन्हा उभे राहिले. याउलट एक बाई दर फेरीला ओळखीच्या माणसापाशी थांबून मुलाबाळांची चौकशी करत. त्यांचा आकडा नेहमी कमी येई, आणि कागद पाहून त्या फार आजारी आहेत असं वाटे.

या रोग्यांत सेतुमाधवराव होते. साठीचे, विधुर, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत राहणारे. आमच्यासारखेच शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी घराण्यातले, म्हणून मी त्यांना मामा म्हणत असे. मामांना मोडी लिपी वाचता येत असे. जमिनीच्या वादातले जुने मराठी दस्तऐवज घेऊन वकील त्यांच्याकडे येत, आणि मामा त्यांचं तमिळ किंवा इंग्रजी करून देत. काम जमिनीवर बसून, पुढ्यात उतरतं लाकडी डेस्क घेऊन. खुर्चीत बसलं की आपल्याला अक्षर लागत नाही, असं ते म्हणायचे. आजारापासून अडचण एवढीच झाली होती की खाली बसलेलं त्यांना उठता येईना. मुलगी पद्मा समोर उभी राहून दोन्ही हात धरून ओढायची, तेव्हा ते उभे राहत.

पद्माचं वय तेव्हा तेवीस-चोवीस असेल. गावात नव्या निघालेल्या कॉम्प्युटरच्या वर्गात ती शिकली होती आणि मद्रासच्या एका कंपनीतून तिला नोकरीचं पत्र आलं होतं. तिने ते दोन महिने लांबणीवर टाकलं होतं.

पहिलं मोजमाप आम्ही डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बोळात घेतलं. दुसरी जागाच नव्हती. बोळ बारा मीटरचा. माणूस जरा वेग घेतो न घेतो तोच भिंत यायची, थांबायचं, वळायचं, पुन्हा सुरुवात. मामांची पाळी मे महिन्यात भर दुपारी आली, तीही डायलिसिसच्या आदल्या दिवशी. पाय सुजलेले, अंगात तीन दिवसांचं पाणी. मधेच औषधांची ढकलगाडी आली म्हणून त्यांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. मी टेबलाशी बसून फेऱ्या मोजल्या, तोंडातून एक शब्द काढला नाही. अंतर फार थोडं भरलं.

व्यायाम सुरू होऊन काही आठवडे झाले, तेव्हा तिन्ही इस्पितळांची तिरुचीला बैठक झाली. प्रत्येकाने आपले आकडे मांडले आणि गोंधळ उडाला. एका इस्पितळात चालण्याऐवजी एका जागी बसवलेली सायकल वापरत होते. दुसरीकडे खुर्ची होती, पण ती शाळेतल्या मुलांची, इतकी बुटकी की धडधाकट माणसालाही उठताना त्रास व्हावा. कुणी डायलिसिसच्या आधी मोजत होतं, कुणी नंतर. एकाची वाट अंगणातून जायची आणि तिथे पाऊस आला की परीक्षा रद्द. तिघांनी तीन निरनिराळ्या गजांनी कापड मोजावं आणि मग कुणाचं जास्त म्हणून वाद घालावा, तसं ते चाललं होतं. डॉक्टरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं. तिघांसाठी एक नियमावली या बाईंनी लिहावी, ते म्हणाले.

ती मी लिहिली, आणि चांगली लिहिली. वाट तीस मीटरची. वळायची जागा रंगीत पट्टीने दाखवलेली. मोजमाप डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच. मोजणाऱ्याने रोग्याच्या बरोबर चालायचं नाही आणि दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य बोलायचं, कारण शाबासकी दिली की माणूस जास्त चालतो. खुर्चीची उंची किती, पाठ टेकायची की नाही, पायांत चपला की अनवाणी, सगळं त्यात होतं. शेवटचा नियम असा होता की आधीचं आणि नंतरचं माप एकाच वाटेवर, एकाच रीतीने घेतलेलं असावं. तसं नसेल तर तो रोगी अभ्यासातून वगळावा. नियमावलीच्या प्रती दोन्ही गावांना गेल्या. माझं नाव पहिल्या पानावर छापलं होतं. घरी आणून ती प्रत मी नवऱ्याला दाखवली, सासूबाईंना दाखवली, शेजारणीलाही दाखवली.

तोवर आमच्या इस्पितळाची नवी इमारत उभी राहिली. तिच्या पहिल्या मजल्यावर लांबलचक हवेशीर व्हरांडा होता. मी टेप घेऊन तीस मीटर आखले आणि दुसरं मोजमाप तिथे घेतलं. नियमाप्रमाणे सकाळी, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी. मामा आले तेव्हा पायाची सूज उतरली होती, वारा येत होता. एक नियम मात्र मी तिथेच मोडला. मामांच्या बरोबरीने चालले आणि शाबास मामा, अजून थोडं, असं म्हणत राहिले. मला तो आकडा वाढायला हवा होता. वाढला, भरपूर वाढला. सगळ्यांचेच वाढले.

दुपारी खोलीत एकटी बसून मी छापील तक्ते भरायला घेतले, एकेका मापाचा वेगळा कागद. नाव, वय, अंतर, वाटेची लांबी. पहिल्या मापाच्या कागदावर बारा लिहिलं असतं तर माझ्याच शेवटच्या नियमाने आमचा एकही रोगी अभ्यासात उरला नसता. डॉक्टर पुढच्या महिन्यात परिषदेत बोलणार होते. इतर दोन गावांना मी नियम शिकवले होते. मी मनाशी म्हटलं की व्यायामाने फरक पडला आहे हे मला डोळ्यांनी दिसतंय, मग रकान्यातल्या एका आकड्याने काय बिघडतं? आणि पहिल्या कागदावर तीस लिहिलं, दुसऱ्यावरही तीस. मामांच्या कागदांवर, मग सगळ्यांच्याच. अक्षर सुरेख काढलं होतं, हेही आठवतं.

या मधल्या काळातली एक गोष्ट सांगायला हवी. वाळूच्या पिशव्या सोडताना मामा त्यांच्या जुन्या तंजावुरी मराठीत एकदा म्हणाले होते, तू मजला चालवतेस ते बरं आहे, पण बैसल्या जागेवरून उठता येत नाही, त्याचं काय? मी म्हटलं होतं की पायांत बळ आलं की तेही येईल. जमिनीवरून उठणं आमच्या तिन्ही मापांत कुठेच नव्हतं. जिथून हे कागद आले तिथली माणसं जमिनीवर बसत नसावीत, आणि माझ्या नियमावलीतही मला ते सुचलं नव्हतं. माझ्या घरी तेव्हा सगळे जमिनीवर बसून जेवत होतो.

आठवड्याभराने पद्मा व्हरांड्यात माझी वाट बघत उभी होती. कंपनीचं दुसरं पत्र आलं होतं, हे शेवटचं.

"अक्का, खरं सांगा. मी गेले तर अप्पांना एकट्याने राहता येईल का?"

मी आत जाऊन दोन्ही कागद आणले आणि तिच्यापुढे धरले. "हा पहिला आकडा, हा आत्ताचा. आता तूच बघ. तू जा, पद्मा."

तिने ते कागद बराच वेळ पाहिले. तिचा चेहरा उजळला. जाताना तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. ती गेली आणि मी पुढच्या रोग्याला बोलावलं.

पद्मा मद्रासला गेली. शेजारच्या एक बाई मामांना दोन वेळचं जेवण द्यायच्या, डायलिसिसच्या दिवशी त्यांचा मुलगा रिक्षा बोलवायचा. रविवारी पद्मा गल्लीच्या तोंडाच्या एसटीडी बूथवर फोन करायची. तीन-साडेतीन महिने ठीक गेले. मग एका दिवशी पापनाशमकडचा एक जुना करारनामा आला. वकिलाला घाई होती. मामा सकाळपासून डेस्कापुढे बसून होते. दुपारी उठायला म्हणून त्यांनी डेस्काच्या कडेला धरून अंग उचललं, डेस्क पुढे सरकलं आणि ते कुशीवर कोसळले. संध्याकाळी शेजारच्या बाई कॉफी घेऊन आल्या, तोवर ते तसेच फरशीवर पडून होते. खुब्याचं हाड मोडलं होतं.

मला दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर कळलं. वॉर्डात गेले तर पद्मा बसने रात्रभर प्रवास करून आली होती, वडिलांच्या पायथ्याशी बसली होती. मला पाहून ती उठली आणि म्हणाली की अक्का, तुम्ही त्यांना चांगलं बरं केलं होतं, मी गेले म्हणून ते खचले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची मला आजही शरम वाटते.

डायलिसिसच्या रोग्याचं ऑपरेशन सोपं नसतं. ते झालं, मामा वाचले, पण पुढे चार पायांच्या लोखंडी चौकटीचा आधार घेऊन घरातल्या घरात चालण्याइतकेच राहिले. जमिनीवर पुन्हा कधी बसले नाहीत. पद्माने नोकरी सोडली.

डॉक्टरांना मी त्याच आठवड्यात सांगितलं. त्यांच्याशी इंग्रजीत बोलणं व्हायचं, तेही सोपं पडलं. पहिलं माप तुलनेला योग्य नाही, नोंदीत त्रुटी आहे, असे शब्द होते. डॉक्टरांनी विचारलं की त्रुटी म्हणजे काय. मग मला बारा आणि तीस सांगावे लागले. ते रागावले नाहीत. गठ्ठा मागवून घेतला, एकेक कागद पाहिला, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "नियम तुम्हीच लिहिले होते." परिषदेत ते आधीच बोलून आले होते. त्यांनी तिथे आणि दोन्ही इस्पितळांना पत्रं पाठवून आमचे आकडे मागे घेतले. कारणाच्या जागी माझं नाव न घालता आमच्याकडून चूक झाली असं लिहिलं. अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मोजायला आता दुसऱ्या गावाहून माणूस यायचा, आणि कुणाला किती व्यायाम दिला आहे हे त्याला सांगायचं नाही असं ठरलं. नव्या नियमावलीत हे कलम आलं. ती माझ्याकडून लिहून घेतली नव्हती. जमिनीवरून उठण्याचं माप मी सुचवलं, आणि आमच्यापुरतं ते घेऊ लागलो. बाकी दोघांना ते पटलं नाही, बाहेरच्या आकड्यांशी जुळवायला काही नाही म्हणून.

डॉक्टरांना सांगून झालं म्हणजे झालं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण मामा घरी आल्यावर मी ड्यूटी सुटली की रोज संध्याकाळी त्यांच्या पायाचे व्यायाम करून घ्यायला जाऊ लागले, आणि पद्मा रोज मला कॉफी देऊ लागली.

एकदा मामांनी उशाचं पुस्तक मला वाचायला दिलं, आणि मला ते वाचता येत नाही हे त्यांना कळलं. घरी आम्ही मराठी बोलायचो, शाळेत तमिळ आणि इंग्रजी. आमच्या पिढीत पुष्कळांचं तसंच. मामांना ते सहन होईना. मराठ्याच्या घरची आणि बालबोध वाचता येत नाही, हे काय, असं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांकडून एक चौरेघी वही मागवली. देवनागरीला ते बालबोध म्हणत. मी त्यांचा पाय वाकवायचे, सरळ करायचे, आणि ते वरून अक्षरं सांगायचे. व्यायाम संपला की मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून गिरवायचे. पद्माला त्यांनी शिकवलं नव्हतं. तिला कॉम्प्युटर शिकायचा होता, ते म्हणायचे, मी कसाला अडवू? पाच-सहा महिन्यांत मी अडखळत वाचू लागले.

मग एके दिवशी त्यांनी सांगितलं की आता माझं बघून लिहू नकोस, मनचं काहीतरी दहा ओळी लिहून आण.

घरी वही उघडून बसले आणि दुसरं काही सुचेना. इंग्रजीत मी त्रुटी म्हटलं होतं. या भाषेत मला त्रुटी हा शब्दच येत नव्हता. स्वयंपाकघरात आई जे शब्द वापरायची तेवढेच माझ्यापाशी होते. म्हणून लिहिलं की मामा, मी खोटं लिहिलं. बोळ बारा मीटरचा होता. मी दोन्ही कागदांवर तीस लिहिलं. तुमचं बळ किती वाढलं ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक आहे असं पद्माला सांगितलं. दहा ओळी भरल्या नाहीत, सातच झाल्या.

मामांनी चष्मा लावून वही वाचली. पेन्सिल मागितली. मिटरचं मीटर केलं, एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार दिला. मग वही छातीवर ठेवली.

"चाललो होतो तो मीच ना?" ते म्हणाले. "एक वाट आखूड होती, एक लांब. मजला कळलं नव्हतं असं वाटलं तुला?"

मी विचारलं की मग तुम्ही पद्माला का सांगितलं नाहीत.

"ती जावी असं मलाही वाटत होतं. तुझा कागद बरा सापडला." त्यांनी वही माझ्याकडे दिली. "आपण दोघांनी मिळून तिला पाठवली. तिला मात्र कुणी खरं सांगितलं नाही. ती अजून समजते की तिच्या जाण्याने मी पडलो. जा, आत आहे ती. तिला हे वाचून दाखव. तिला ही अक्षरं येत नाहीत."

पद्मा स्वयंपाकघरात केळफूल सोलत बसली होती, बोटांना तेल लावून. मी उभ्यानेच वाचलं. सात ओळी वाचायला मला फार वेळ लागला, एकेक अक्षर जुळवत. तिने हात थांबवले नाहीत. वाचून झाल्यावर पाकळ्यांतला एक कडक दांडा काढून बाजूला ठेवला आणि विचारलं, "मग अप्पा खरोखर किती बरे झाले होते?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, पद्मा."

"थोडं तरी?"

"थोडे झालेही असतील. ते कळेल असं मी मोजलंच नाही."

तिने मान हलवली. उठून हात धुतले, कॉफी केली आणि नेहमीच्या पेल्यात माझ्यापुढे ठेवली. "घ्या, मॅडम," ती म्हणाली. आदल्या दिवसापर्यंत मी तिची अक्का होते.

मामा त्यानंतर दोन वर्षं होते. शेवटपर्यंत मी जात राहिले आणि शेवटपर्यंत ते माझं शुद्धलेखन सुधारत राहिले. ते गेल्यावर पद्माला चेन्नईत पुन्हा नोकरी मिळाली, पहिल्यापेक्षा लहान कंपनीत. आता तिची मुलंही मोठी झाली. दिवाळीच्या पहाटे तिचा न चुकता फोन येतो. माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, औषधं वेळेवर घ्या म्हणते. फार मायेने बोलते. मॅडम, कशा आहात, अशी सुरुवात करते.